भंडारदऱ्याजवळ चार तंबूंचं ग्लॅम्पिंग: शनिवार सोडून पाहुणे कसे आणायचे?

रानजाई
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. राजूर-शेंडी रस्त्याच्या थोडं आत सासऱ्यांची अडीच एकर जमीन आहे, भात आणि नागली सोडून त्यात फार काही होत नव्हतं. दिवाळीनंतर आम्ही तिथे छोटं ग्लॅम्पिंग, म्हणजे सगळ्या सोयींसकट तंबूतला मुक्काम, सुरू केलं. तीन स्विस टेंट (कॅनव्हासचे मोठे तंबू) आणि एक डोम (घुमटासारखा तंबू). प्रत्येकाला स्वतःचं टॉयलेट-बाथरूम, गरम पाणी, नीट पलंग-गाद्या, पुढे बसायला छोटा ओटा. स्वयंपाक सासूबाई आणि गावातल्या दोघी मिळून करतात. दोघांचा एका रात्रीचा दर चहा, नाश्ता, दोन जेवणं धरून ६,००० रुपये.

शनिवार भरतो. काजव्यांच्या दिवसांत तर लोकांना नाही म्हणावं लागतं. पण रविवारी दुपारी गाड्या निघाल्या की पुढच्या शुक्रवारपर्यंत शुकशुकाट. पगार मात्र रोजचे आहेत.

आता घरात चार मतं आहेत. एका एजन्सीने महिन्याला ४०,००० सांगितलेत, जाहिरातीचा खर्च वेगळा. एक इन्फ्लुएन्सर सहा जणांचा दोन रात्री फुकट मुक्काम मागतोय, वर मानधन. नवरा म्हणतो सरळ दर ३,५०० वर आणू. दीर म्हणतात मोठ्या बुकिंग साइटवर टाका आणि सुटा. मला यातलं काहीच धड पटत नाहीये. ज्यांनी असं काही चालवलंय किंवा जे अशा ठिकाणी पैसे देऊन राहतात त्यांनी खरं खरं सांगा.

खादाडभाऊ
ते सगळं राहू दे, जेवणात काय असतं ते आधी लिहा. त्याशिवाय सल्ला मिळणार नाही.

पवनाकाठी
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तंबूला ६,००० कोण देणार? आमच्याकडे पवना धरणाच्या काठाला माणशी हजार-दीड हजारात टेंट, बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, सकाळी पोहे आणि लाइव्ह गिटार. पब्लिकला शांतता नको असते, ती त्यांच्या घरी असते. स्पीकर लावा, लाइटच्या माळा सोडा, फोटोपुरता एक मोठा झोपाळा टांगा आणि दर खाली आणा. व्हॉल्यूमचा धंदा आहे हा.

नाशिकची_मावशी
@पवनाकाठी, शांतता लोकांच्या घरी असते हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्याकडे सासूबाईंची मालिका, नातवाचं यूट्यूब आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीन एकाच वेळी चालू असतं. त्या काठाला एकदा राहिलेय मी. गिटारवाला दादा रात्री उशिरापर्यंत तीच चार गाणी फिरवून फिरवून म्हणत होता, शेवटी आमचे हे जाऊन म्हणाले, बाबा रे पैसे घे पण झोप.

रानजाई, नाशिकहून तुझ्याकडे यायला दोन तास पण लागत नाहीत. पण मी तुझं नाव कधी ऐकलं नाही, हा खरा प्रॉब्लेम आहे. दर नाही.

हिशेबनीस
थोडं गणित करू.

चार तंबू, ३६५ दिवस, म्हणजे विकायला वर्षाच्या १,४६० रात्री. फक्त शनिवार पूर्ण भरले तर २०८ होतात, म्हणजे १४ टक्के. शुक्रवारही भरला तरी साडेअठ्ठावीसच्या वर जात नाही, आणि यात पावसाचे दिवस वजा केलेले नाहीत.

आता दर ३,५०० करा. एका तंबूमागे जेवण, धुलाई, गॅस, माणसांची मजुरी मिळून समजा २,००० जातात. आज हातात ४,००० उरतात, उद्या १,५०० उरतील. म्हणजे तेवढेच पैसे मिळवायला जवळजवळ पावणेतीनपट रात्री भराव्या लागतील. शिवाय शनिवार आधीच भरतोय, तिथे दर उतरवला तर २०८ गुणिले २,५०० म्हणजे वर्षाचे ५,२०,००० रुपये आपल्या हाताने वाटून टाकले.

बुकिंग साइट वाईट नाहीत, पण कमिशन पंधरा ते पंचवीस टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी बसतं. ६,००० वर २० टक्के धरले तर १,२०० गेले. जो शनिवार फोनवर भरतो तो साइटला का द्यायचा? कॅलेंडरमध्ये शुक्र-शनि बंद करा, सोमवार ते गुरुवार तेवढा उघडा ठेवा. ती रात्र नाहीतरी रिकामीच जाणार होती, तिचं कमिशन टोचत नाही.

पवनाकाठी
गणित कागदावर छान. रिकामा तंबू शून्य देतो साहेब.

हिशेबनीस
रिकामा तंबू शून्य देतो, चार दारुड्यांनी भरलेला तंबू उणे देतो. गादी, बेसिन आणि एक स्टारचा रिव्ह्यू.

खादाडभाऊ
+१. आणि जेवणाचं अजून कळलेलं नाही.

रीलवाली
मी याच लाइनमध्ये आहे, त्यामुळे इन्फ्लुएन्सरला सरसकट शिव्या घालायच्या आधी माझं ऐका. रीलने फायदा होतो, फक्त कोणाच्या रीलने ते बघायला हवं. त्या माणसाकडे त्याच्या अकाउंटच्या इनसाइट्सचा स्क्रीनशॉट मागा, त्यात बघणारे कुठल्या शहरातले आहेत ते दिसतं. लाखभर फॉलोअर्स असतील आणि त्यातले निम्मे इंदूर-पाटण्याचे असतील तर भंडारदऱ्याला त्याचा काय उपयोग? त्यापेक्षा नाशिकचा आठ-दहा हजारवाला, जो मिसळ आणि धबधबे दाखवतो, तो बरा. त्याला मंगळवार-बुधवार द्यायचा, शनिवार नाही. दोघंच, सहा नाहीत. आणि कच्चे व्हिडिओ आपल्याला मिळतील हे आधी लिहून घ्यायचं, कारण त्याची रील चार दिवसांत खाली जाते पण ते फुटेज तुम्हाला वर्षभर पुरतं. फुकट मुक्कामाच्या बदल्यात पोस्ट असेल तर तसा उल्लेख त्यात हवा, २०२१ पासून जाहिरात क्षेत्राच्या मार्गदर्शक नियमांत ते आहे, आणि खरं सांगते त्याने नुकसान काही होत नाही.

जाहिरात स्वतः करायची असेल तर ते 'बूस्ट पोस्ट' बटण दाबू नका. त्याने लाइक येतात, माणसं येत नाहीत. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अॅड मॅनेजरमध्ये जाऊन मेसेज हा उद्देश निवडा, क्लिक केलं की थेट तुमचं व्हॉट्सअॅप उघडेल असं. नकाशावर नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड असे पिन टाका. रोजचे २००-३०० रुपये, रविवार रात्र ते बुधवार. ४०,००० देणाऱ्या एजन्सीचा पोरगा पण पहिल्या महिन्यात एवढंच करणार आहे.

डोंगरभटक्या
एक ट्रेकर म्हणून सांगतो, आमच्या नादी लागू नका :) रतनगड, सांदण, कळसूबाई करणारे आम्ही रतनवाडीत नाहीतर साम्रदला कोणाच्या तरी ओसरीवर दोन-तीनशेत पडतो, पिठलं-भाकरी खातो. ६,००० बघून आम्ही फक्त स्क्रीनशॉट काढतो. पण आमच्या घरचे मात्र तुमचे पाहुणे आहेत. मागे मी आईबाबांना आणि बायकोला भंडारदऱ्याला एका हॉटेलात ठेवून रतनगडला गेलो होतो, दिवसभर त्यांनी टीव्ही बघितला. त्यांना तुमच्यासारखं काही मिळालं असतं तर मी आनंदाने पैसे दिले असते. "तुम्ही गड चढा, घरचे आमच्याकडे" असं काहीतरी लिहा आणि ट्रेकिंगच्या ग्रुपांवर टाका.

रानजाई
बापरे, एवढे प्रतिसाद. डोंगरभटक्या, ही कल्पना फारच आवडली.

खादाडभाऊ, घ्या: नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा, आमच्या शेतातल्या काळभाताचा भात, मिळाले तर धरणातले मासे, पावसाच्या सुरुवातीला भारंगी, चाई, कुर्डू अशा रानभाज्या. पनीर मागितलं तर मिळतं पण सासूबाई मनापासून करत नाहीत.

पवनाकाठी, स्पीकर लावणार नाही. शेजारी घरं आहेत, सकाळी लवकर उठणारी माणसं आहेत. त्यांनी एकदा तोंड फिरवलं तर पाण्याच्या टँकरपासून सगळं अडेल.

खादाडभाऊ
काळभात!! ताई, तुमच्या पानावर डोमचे फोटो आहेत का काळभाताचे? डोम हल्ली लोणावळ्यापासून सगळीकडे आहेत. काळभात अकोले तालुका सोडून कुठे मिळतो सांगा. 'बीजमाता' राहीबाई पोपेरे यांना २०२० सालच्या यादीत पद्मश्री मिळाली ती अशीच गावठी वाणं जपल्याबद्दल, त्यांचं कोंभाळणे तुमच्याच तालुक्यात. भातकापणीला पाहुणे बोलवा. लोक पैसे देऊन वाकतील.

सत्तरीतला_तरुण
मी निवृत्त आहे. आम्हा मित्रमंडळींचा एक गट आहे, सगळ्यांना मंगळवार आणि शनिवार सारखाच. उलट शनिवारी आम्ही मुद्दाम कुठे जात नाही, गर्दी असते. पैसेही आहेत, मुलं परदेशात आहेत, खर्च करायला कोणी अडवत नाही. पण तुमच्यासारख्या ठिकाणांच्या फोटोंत आम्हाला पाहिजे ते कधीच दिसत नाही. डोम, त्यावर चांदणं, वाइनचा ग्लास, एक मुलगी पाठमोरी. अहो, संडास कसा आहे? कमोड आहे ना? उठताना धरायला दांडी आहे का? पलंग किती उंच आहे, की गादी जमिनीवर अंथरलीय? रात्री तंबूतून बाहेर पाऊल टाकलं की पायरी लागते की खड्डा? जवळ डॉक्टर कुठे? एवढ्या प्रश्नांची उत्तरं फोटोसकट ज्या पानावर असतील तिथे मी आज फोन करीन.

नाशिकची_मावशी
काका, टाळ्या. आणि बायकांतर्फे एक भर. बाथरूमला आतून नीट कडी आहे का आणि तिथे दिवा रात्रभर चालतो का, हे.

हर्णैकर
दापोलीकडे तीन खोल्यांचं घरगुती चालवतो, तंबू नाहीत पण दुखणं हेच होतं. जरा सविस्तर लिहितो.

लहान ठिकाणाला माणूस तीन वाटांनी येतो. कोणीतरी सांगितलं म्हणून, गूगलच्या नकाशावर दिसलं म्हणून, आणि फोटो कुठेतरी बघून. यातली तिसरी वाट सगळ्यात दिमाखदार आणि सगळ्यात खर्चिक. लोक तिच्यापासून सुरुवात करतात म्हणून दमतात.

गूगलचं बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. हल्ली बहुतेक वेळा जागेचा व्हिडिओ काढून ते पक्कं करून घ्यावं लागतं, एका दुपारचं काम. त्यात फोटो टाकताना वरचे आजोबा म्हणाले तेच टाका, संडास, वाट, गाडी लावायची जागा. एक व्हिडिओ असा काढा की फाटकापासून तंबूपर्यंत चालत जायचं, मध्ये तोडायचं नाही, संगीत लावायचं नाही. पक्षी ओरडतील, कोंबडी मध्ये येईल, येऊ दे. आमच्याकडे फोनवर "फोटोतल्यासारखंच आहे ना?" हा प्रश्न अशा व्हिडिओनंतर बंद झाला.

रस्ता लिहून द्या. तुमच्या भागात नकाशा माणसाला कुठल्या बैलगाडीच्या वाटेवर नेईल नेम नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, आता मुंबईकराला कसारा घाटात अडकायची गरज नाही. इगतपुरीला उतरायचं, मग घोटी, बारी, शेंडी. पुणेकरांना संगमनेर-अकोले-राजूर. हे चार ओळींत लिहा आणि शेवटच्या कच्च्या रस्त्याचा फोटो जोडा, लहान गाडी खाली घासेल की नाही ते लोकांना कळू दे. जो माणूस रस्त्यावर वैतागून पोचतो तो तंबूत जाईपर्यंत मनात रिव्ह्यू लिहून मोकळा झालेला असतो.

व्हॉट्सअॅपवर "रेट?" एवढाच मेसेज येतो, बरोबर ना? लगेच दरपत्रक फेकू नका. आधी विचारा, कोण कोण येताय, लहान मुलं किंवा वयस्कर आहेत का, कधी यायचंय. ज्याला खरंच यायचंय तो सांगतो. उत्तर मात्र दहा मिनिटांत गेलं पाहिजे, संध्याकाळी दिलेलं उत्तर म्हणजे माणूस दुसरीकडे गेला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जुने पाहुणे. बिझनेस अॅपमधली ब्रॉडकास्ट लिस्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून निघताना गाडीजवळच हसत हसत नंबर सेव्ह करून घ्या. मग वर्षाला तीन-चारच मेसेज, जास्त नाही. काजवे दिसायला लागले. भात कापणीला आला. थंडी पडली. आमच्याकडे आंबा पिकला की मी एक फोटो टाकतो, खाली काहीच लिहीत नाही, त्यावर फोन येतात. तुमचा मंगळवार अनोळखी माणूस भरणार नाही, ओळखीचाच भरेल.

रीलवाली
हर्णैकर, पटलं, फक्त "फोटो बघून येणं खर्चिक" याला विरोध. तो फाटकापासून तंबूपर्यंतचा व्हिडिओ म्हणजेच रील आहे हो काका :)

हर्णैकर
संगीत नसेल तर चालेल.

घाटघरकडचा
मी इकडचाच. राग नका मानू पण एक बोलतो. काजव्यावर मार्केटिंग करू नका. मे संपता संपता ते जूनचा पाऊस जोर धरेपर्यंत काय असतंय ते आम्ही बघतो. रतनवाडीच्या रस्त्याला गाड्यांची रांग, हेडलाइट, रील, पोरं झाडावर टॉर्च मारतात. काजवा चमकतो तो नर मादीला बोलवायला. उजेड मारला की त्यांचं जुळत नाही, आणि ज्या झाडाला हात लावून फोटो काढतात, सादडा म्हणा हिरडा म्हणा, तिथंच खाली त्यांची पुढची पिढी असते. वनखात्याने नाके बसवलेत, पैसे घेतात, वेळेचं बंधन आहे. अभयारण्य आहे हे, जत्रा नाही.

पवनाकाठी
मग काय विकायचं? काळोख?

घाटघरकडचा
व्हय, काळोखच. तुमच्याकडं राहिलाय का तो?

तारकामंडळ
घाटघरकडचा यांना शंभर मार्क. काळोख विकला जातो हो, थट्टा नाही. मुंबईचे आकाशवेडे वर्षानुवर्षं बदलापूरजवळ वांगणीला जातात ते कशासाठी? जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेल्या जागेचा, दर्जा मिळाला, देशातला पहिला. भंडारदऱ्याचा काळोख अजून बरा आहे. अमावास्येच्या आजूबाजूचे दिवस कॅलेंडरमधून काढा, नोव्हेंबर ते मार्च, त्यातले बरेचसे आठवड्याच्या मध्येच येतात, हे तुमच्या फायद्याचं. १३-१४ डिसेंबरच्या रात्री जेमिनिड उल्कावर्षाव असतो, दरवर्षी. चंद्र कुठे आहे ते बघून जाहीर करा. ऑगस्टमधल्या पर्सिड्स उल्कावर्षावाची जाहिरात मात्र करू नका, तुमच्याकडे तेव्हा ढगांशिवाय काही दिसत नाही. खर्च काय, बाहेरचे दिवे बंद करायचे आणि वाटेवर जमिनीलगत मंद लाल दिवे लावायचे. दुर्बीण असलेल्या हौशी मंडळाला एक तंबू फुकट द्या, बाकी तीन त्यांचे लोक भरतील.

सत्तरीतला_तरुण
लाल दिवे बरोबर पायरीवर लावा म्हणजे झालं.

रानजाई
घाटघरकडचा दादा, तुमचा मुद्दा मान्य आहे, पण काजवे पूर्ण सोडणार नाही, त्या तीन आठवड्यांवर आमचा पावसाळा निघतो. आमच्या बांधावर दोन मोठी सादड्याची झाडं आहेत. बाहेर गाडीने न नेता तिथेच बसवायचं, मोबाइल तंबूत ठेवून, एका रात्री आठच माणसं, असं चालेल का? ज्याला हे नको तो दुसरीकडे जाईल.

तारकामंडळ, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

घाटघरकडचा
असं केलं तर मीच येतो बघायला. तंबूत झोपणार नाय, घर हाय मला.

कायद्याचं_बोला
उत्साहावर थोडं पाणी. कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, अडीच एकर शेती आहे म्हणजे तुम्ही बसता. जेवण देताय तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी, लहान धंद्याला वर्षाला १०० रुपये, एवढ्यासाठी कोणी थांबू नये. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची. दारूचा परवाना नसेल तर विकायची नाही. धरणाच्या पाण्यालगतची जमीन जलसंपदा खात्याची असते, तिथे तंबू सरकवायचा मोह नको. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यापुढे गेलात तर ७,५०० पर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के.

यात मार्केटिंग कुठे आलं म्हणाल. शाळा आणि कंपन्या आठवड्याच्या मध्ये येतात, आणि त्या पहिला प्रश्न हाच विचारतात की कागद काय आहेत. प्रमाणपत्राचा फोटो संडासाच्या फोटोशेजारी लावा.

नाशिकची_मावशी
या धाग्यात संडास हा नायक झालाय.

यॉर्कशायरकर
इकडे इंग्लंडमध्ये मेंढपाळांच्या चाकांवरच्या जुन्या झोपड्यांची फॅशन आहे, शेतकरी दोन-तीन ठेवतात आणि भाड्याने देतात. जुलै २०२३ पासून इथे वर्षातले ६० दिवस, ५० तंबूंपर्यंत, वेगळ्या बांधकाम परवानगीशिवाय कॅम्पसाइट चालवता येते, त्यामुळे स्पर्धा जबरदस्त. तरी काहींचे मधले वार भरतात, आणि ते बघितले तर प्रत्येकाने एक कुठलातरी माणूस धरलेला असतो. आमच्या जवळचा एक जण फक्त कुत्रेवाल्यांना घेतो. कुत्र्यासाठी अंघोळीची जागा, कुंपण घातलेलं रान, बास. वाय-फाय नाही, डोम नाही, तरी भरलेला. पुण्या-मुंबईत हल्ली प्रत्येक सोसायटीत कुत्री आहेत ना? ती माणसं सुट्टीत कुठे जातात?

डोंगरभटक्या
कुठेच नाही. माझ्या बहिणीने कुत्र्यापायी दोन वर्षं सुट्टी घेतली नव्हती.

सोमवारची_सुट्टी
सगळे शनिवार-रविवार धरून बसलेत. माझं दादरला दुकान आहे, आमची सुट्टी सोमवारी. सलूनवाल्यांची सोमवारी. पिंपरी-भोसरीच्या कितीतरी कारखान्यांची गुरुवारी. आमच्यासारख्यांना कोणी विचारतच नाही, सोमवारी कुठे गेलं तर हॉटेलातला स्वयंपाकी पण सुट्टीवर. आमच्या व्यापारी संघटनेच्या ग्रुपवर एक मेसेज पडला "रविवार रात्र आणि सोमवार, दुकानदारांसाठी" तर मी स्वतः चार घरं घेऊन येतो. रविवारी दुपारी तुमच्या गाड्या निघतात तेव्हाच आमच्या निघतील, फक्त उलट्या दिशेने, रस्ता मोकळा.

हिशेबनीस
हा या धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद आहे. रविवार भरला की रात्री २०८ च्या ४१६ होतात, एक रुपया दर न कमी करता. घासाघीस करायची तर दर कमी करू नका, निघायची वेळ सोमवारी संध्याकाळपर्यंत वाढवा. तुम्हाला फुकट पडतं, त्यांना पूर्ण दिवस मिळतो.

पवनाकाठी
बरं, हे मी पण वापरणार. गुरुवारचं. आम्हाला पिंपरी जवळ.

नाशिकची_मावशी
गिटार लावू नका म्हणजे झालं.

ओला_तंबू
कोणी पावसाचं बोलत नाही म्हणून विचारतो. घाटघर-रतनवाडी म्हणजे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी. जुलैत डोमच्या जोडांतून पाणी येतं, कॅनव्हासला बुरशी धरते, गाद्यांना वास. त्यात अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकाऱ्यांचे पर्यटनस्थळी बंदीचे आदेश, शुक्रवारी रात्री सगळी बुकिंग रद्द. पैसे परत द्यायचे का?

रानजाई
जुलै-ऑगस्टमध्ये दोन स्विस टेंट उतरवून कोरडे करून ठेवायचं ठरलंय, कॅनव्हास वाचतो. डोम आणि एक टेंट पत्र्याच्या छपराखाली आहेत, ते चालू. फोटोत पत्रा दिसतो, दिसू दे, पावसात त्याच्या आवाजावर लोक खूश होतात. बंदी आदेश आला तर पैसे किंवा पुढची तारीख, पाहुण्याला हवं ते, आणि हे बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहितो.

आता एकंदरीत: एजन्सीला नाही सांगितलं. इन्फ्लुएन्सरला मंगळवार आणि दोन माणसं म्हटलं तर त्याने उत्तरच दिलं नाही. नवऱ्याला हिशेबनीसांचा प्रतिसाद वाचायला दिला, तो म्हणतो त्यात लाइटचं बिल धरलेलं नाही, पण दर आहे तोच ठेवतोय. साइटवर फक्त सोमवार ते गुरुवार उघडणार. संडासाचे फोटो काढलेत, दांडी बसवायला सुतार उद्या येतोय. सोमवारची_सुट्टी, तुमचा नंबर व्यनित पाठवाल का?

एक प्रश्न उरलाय, कुत्र्यांचा. कल्पना आवडली पण आमच्याकडे बिबट्या आहे. उसाच्या पट्ट्याइतका नाही, तरी गावातलं कुत्रं गेल्याचं कानावर येतं.

घाटघरकडचा
रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवलं. तंबूच्या आत, नाहीतर पक्क्या खोलीत. अंधार पडला की फिरवायला नेणं बंद. हे लिहून द्या, सही घ्या.

यॉर्कशायरकर
आमच्याकडे कोल्ह्याचा प्रश्न आहे आणि लोक त्यावर सभा घेतात. हे ऐकून आता गप्प बसतो.

रीलवाली
"कुत्रा आणा, रात्री आत झोपवा, बिबट्या आमचा नाही" ही रील मी फुकट करून देते.

डोंगरभटक्या
बहिणीला लिंक पाठवली. ती विचारतेय, कुत्रा पलंगावर झोपतो, चालेल का आणि वेगळे पैसे किती.

रानजाई
पलंगावर नाही. चादर त्याची त्याने आणायची, कोपऱ्यात टाकू. पैसे ५००, त्यात भाकरी-दूध. सासूबाई म्हणतायत हुलग्याचं पिठलं पण खाईल.

खादाडभाऊ
मलाही कोपऱ्यात चालेल.